विमानतळाच्या दारात अडण्यापूर्वी

आमच्या कासारवाडीला विमानाचे अप्रूप तसे नाही. लोहगावच्या वायुदलाच्या तळावरून उठणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज ऐकतच इथली पोरे मोठी झाली. नाशिक फाट्यावरच्या उड्डाणपुलाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या भारतरत्न जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला विमान आणले, तेव्हा त्यात फक्त टपाल होते. तपासायला प्रवासीच नव्हता! पण डोक्यावरून विमान जाणे वेगळे आणि त्यात आपले माणूस बसवून देणे वेगळे. पूर्वी आमच्या आळीतून विमानाने जाणारा म्हणजे कंपनीने परदेशी धाडलेला एखादा साहेब. आता मुलगी बंगळूरला नोकरीला असते, जावई दुबईला असतो, चाकणच्या कारखान्यातला फिटर मशीन बसवायला चेन्नईला जातो आणि म्हातारी माणसे नागपूरला किंवा गयेला विमानाने जाऊन येतात. तिकीट मोबाइलवर पाच मिनिटांत निघते. पुढचे काय, ते मात्र कोणी सांगत नाही. ते आम्ही आमच्या घरच्या अनुभवावरून सांगणार आहोत, आणि तो अनुभव काही सुखाचा नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री नागपूरहून फोन आला. आमच्या आत्याबाईंची थोरली बहीण इस्पितळात होती, डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलावून घ्या असे सांगितले होते. आत्याबाई आजवर नागपूरला गेल्या त्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने. भाकरी बांधून घ्यायची, रात्र गाडीत काढायची. या वेळी तेवढा वेळ नव्हता. विमान दीड तासात पोचवते. पुतण्याने मध्यरात्री तिकिटे काढली, आणि आत्याबाईंचे नाव टाकले ते आम्ही सगळे ज्या नावाने त्यांना ओळखतो ते, म्हणजे माहेरचे. लग्नात सासरच्यांनी त्यांचे नाव बदलले होते, आधार कार्डावर तेच बदललेले नाव आहे. हे त्या घाईत कोणाच्याच ध्यानात आले नाही.

सकाळी दारावरच्या जवानाने आधार कार्ड पाहिले, तिकीट पाहिले, पुन्हा कार्ड पाहिले आणि सांगितले, नाव जुळत नाही, विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन या. काउंटरवरच्या मुलीने समजावून सांगितले की एखाद-दुसरे अक्षर चुकले असते तर दुरुस्ती झाली असती, अख्खे नाव बदलता येत नाही, तिकीट नवे काढावे लागेल. नवे तिकीट मिळाले ते संध्याकाळच्या विमानाचे. सबंध दिवस आम्ही बाहेरच्या बाकावर काढला. इस्पितळात पोचायला रात्रीचे नऊ वाजले. थोरल्या आत्याबाई दुपारी चारपर्यंत बोलत होत्या, धाकटी कुठवर आली म्हणून विचारत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडात नळी होती. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

यात जवानाचा दोष नाही, काउंटरवरच्या मुलीचाही नाही. दोष आमचा, घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांचा.

पण त्या सकाळी दारात आत्याबाई जे म्हणाल्या ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या हळूच म्हणाल्या, “आपल्यालाच का रं आडिवलं? बाकीचे तर चाललेत की आत.” हा प्रश्न काही एका सकाळचा नाही. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणच्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. १९०१ साली वडिलांकडे निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली, अंगावर चांगले कपडे होते, स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि जात ऐकताच त्याचा चेहरा पालटला. ज्यांच्या घरात अशा गोष्टी सांगितल्या जातात, त्यांना कोणी गणवेशवाला ‘तुमचे नाव काय’ म्हणाला की पोटात गोळा येतोच. म्हणून आम्ही आत्याबाईंना आमच्या मागची रांग दाखवली. सुटाबुटातला एक गृहस्थ बॅगा उघडून ओळखपत्र शोधत होता आणि त्यालाही बाजूला उभे केले होते. त्या दारात प्रश्न एकच असतो: तिकिटावरचे नाव आणि कार्डावरचे नाव एक आहे का? नाव कोणते, आडनाव काय सांगते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचीसुद्धा २१ एप्रिल २००९ रोजी दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसांनी अंगझडती घेतली होती. नियमाप्रमाणे त्यांना त्यातून सूट होती. देशभर गहजब झाला तो तीन महिन्यांनी, बातमी फुटल्यावर. स्वतः कलामांनी तक्रार केली नव्हती. हे ऐकल्यावर आत्याबाई थोड्या सावरल्या.

तर तयारी सुरू करायची ती बॅगेपासून नव्हे, नावापासून. तिकीट काढणाऱ्याने समोर ओळखपत्र ठेवूनच अक्षरे टाकावीत. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी जे दाखवणार असाल त्याच्यावर जसे आहे तसे. आमच्या समाजात या नावांचे घोळ पुष्कळ आहेत. बायकांची माहेरची आणि सासरची नावे, एका कागदावर ‘बाई’ आहे तर दुसऱ्यावर नाही, बापाने शाळेत एक आडनाव लावले आणि मुलाने पुढे राजपत्रात दुसरे करून घेतले. गावात, कारखान्यात हे सारे खपून जाते. विमानतळावर खपत नाही. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर आणखी जपावे. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टावर एकच नाव असलेल्या माणसाला पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही असे ठरवले, आणि ते ठाऊक नसलेले लोक अडचणीत आले. असा घोळ घरात असेल तर तो प्रवास नसताना, सवडीने निस्तरून घ्यावा. मध्यरात्रीचा फोन सांगून येत नाही.

मोबाइलवर चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा पुण्याला २०२३ पासून आहे. ती सक्तीची नाही. तरुणांनी खुशाल वापरावी, पण कार्ड खिशात असू द्यावे, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

आता ही तपासणी कशासाठी, हे कळले की निम्मा वैताग कमी होतो. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळी शाखा निघाली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळच्या समुद्रावर बॉम्बने उडाले, ३२९ माणसे गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. बॅग देऊन प्रवासी आला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि सगळे विमान ताटकळते, त्यामागे ही गोष्ट आहे. १ एप्रिल १९८७ पासून ही शाखा स्वतंत्र खाते झाली. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेले, ते तर पुष्कळांना आठवत असेल. तोवर विमानतळावर राज्याचे पोलीस असत. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल नेमायला सुरुवात झाली. मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर पाहिलेला तोच गणवेश विमानतळाच्या दारात दिसतो, तो तेव्हापासून.

म्हणजे प्रत्येक नियमाच्या मागे कुठे ना कुठे माणसे मेलेली आहेत, किंवा मरता मरता वाचलेली आहेत. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरहून मोठी पातळ पदार्थाची बाटली चालत नाही. हा नियम २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला पातळ स्फोटकांचा कट उघडकीस आला त्यानंतरचा. बाटली अर्धी रिकामी असली तरी मोजतात ती बाटली, आतला ऐवज नव्हे. बूट काढायला लावणे सुरू झाले ते डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक लपवून अमेरिकेच्या विमानात नेले तेव्हापासून. अमेरिकेने ती सक्ती २०२५ च्या जुलैमध्ये उठवली. आपल्याकडे जवान सांगेल तसे करावे.

बुटांवरून आठवले. आमच्या पट्ट्यातले पुष्कळ कामगार रात्रपाळी संपवून तसेच विमानतळावर जातात, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. त्या बुटांच्या पुढच्या टोकात लोखंडी वाटी असते. धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना ती वाजणारच. मग बूट काढा, ट्रेमध्ये ठेवा, पुन्हा चौकटीतून जा. त्यापेक्षा साधी चप्पल घालून जावे आणि सेफ्टी शूज मोठ्या बॅगेत टाकावेत. हत्यारांचेही तसेच. रोज कामावर नेण्याची बॅगच प्रवासाला घेतली जाते आणि तळाच्या कप्प्यात एखादा स्क्रू-ड्रायव्हर, पाना, कटरचे पाते राहून गेलेले असते. एक्स-रे यंत्राला ते बरोबर दिसते. हातातली बॅग आदल्या रात्री पलंगावर पालथी करून झटकावी, हा आमच्या घरात आता नियमच झाला आहे. वजन साधारण ७ किलो, आणि बॅग एकच. बायकांची पर्स तेवढी वेगळी चालते.

घरातल्या वडील माणसांची चंची हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यात अडकित्ता असतो, काडेपेटी असते. अडकित्ता मोठ्या बॅगेत टाकावा. काडेपेटी आणि लायटर मात्र आपल्याकडे दोन्हीकडे बंद आहेत, हातातही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. गयेला जाणारी मंडळी मेणबत्त्या, अगरबत्त्यांबरोबर काडेपेटी बांधून घेतात. ती घरीच ठेवा, तिथे उतरल्यावर कोणत्याही टपरीवर मिळते.

मसाल्यासाठी म्हणून लेकीला सुके खोबरे पाठवायची आपल्याकडे मोठी हौस. सुके खोबरे विमानात अजिबात चालत नाही, हे ऐकून आमच्या वहिनींना हसू आले होते. पण ते तेलकट असते, आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्याची गणना होते. अख्खा नारळसुद्धा केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. २०२२ च्या हंगामात शबरीमलाच्या यात्रेकरूंना तेवढी मुदतीपुरती खास सवलत द्यावी लागली होती. खोबरे भाजून, कुटून मसालाच करून द्या. मसाला, लाल तिखट, ठेचा, लोणचे, तूप हे सगळे नीट बांधून मोठ्या बॅगेत. जावई दुबईला असेल तर त्या मसाल्यात आणि डब्यात खसखस नाही ना, हेही पाहा. ज्या खसखशीची आपण खीर करतो तिला अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याने बंदी आहे, आणि तिथे माहीत नव्हते म्हणून कोणी सोडत नाही. याच कारणाने दुसऱ्याची बंद पिशवी, मग तो शेजारी असो की गाववाला, आपल्या सामानात घेऊ नये. नाही म्हणायला जीव संकोचतो, तरी म्हणावे.

मोबाइल चार्ज करायच्या पॉवर बँकेचा नियम याच्या बरोबर उलटा. ती हातातल्या बॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत नाही. तिने पेट घेतला तर केबिनमध्ये विझवता येतो, खालच्या डब्यात कोणाला कळतही नाही. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. बाजारात मिळणारी वीस हजारांची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, तिला हरकत नाही. पण ती मोठ्या बॅगेत सापडली तर तुमचे नाव पुकारतात, बॅग उघडायला परत यावे लागते आणि तोवर विमानाची वेळ होत आलेली असते.

भाकरी चालते का, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. चालते. चपाती, कोरडी चटणी, लाडू, सगळे चालते. औषधे चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत, तान्ह्या बाळाचे दूधही नेऊ देतात. बाळाचा जन्मदाखला जवळ असू द्यावा.

तपासणीच्या रांगेत उभे असतानाच घड्याळ, पट्टा, पाकीट, चिल्लर, मोबाइल काढून बॅगेच्या एका कप्प्यात टाकावे. ट्रेपाशी पोचल्यावर एकेक खिसा चाचपणाऱ्यामुळे मागच्या पन्नास माणसांचा खोळंबा होतो. लॅपटॉप आणि पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये. बॅग यंत्रात गेल्याशिवाय आपण चौकटीकडे वळू नये, आणि पलीकडे गेल्यावर आधी आपला ट्रे गाठावा, गप्पा नंतर. बायकांची तपासणी महिला जवानच करते आणि पडद्याआड करते. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. बॅग उघडायची तर ती आपल्यासमोर उघडली जाते. गुडघ्यात किंवा खुब्यात धातूचा सांधा बसवला असेल तर चौकट वाजण्याआधीच सांगावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी. छातीत पेसमेकर असेल तर हाताने तपासा, यंत्र त्यावर धरू नका, असे स्पष्ट सांगावे. लाजायचे कारण नाही. चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्यावी, मात्र खुर्चीवर बसलेल्याचीही तपासणी होते.

एक गोष्ट तरुण पोरांसाठी. रांगेत ‘बॉम्ब’ हा शब्द गमतीतसुद्धा काढायचा नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात विमानांना खोट्या धमक्यांची लाटच आली होती, तेव्हापासून कोणी हसण्यावारी नेत नाही. विमान तर चुकतेच, वर पोलीस ठाणे. आणि लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे. धावपट्टीवर फोटो काढायला तिथे बंदी आहे, स्टेटस लावायला दुसरा फोटो शोधावा.

वेळेचे गणित कासारवाडीकरांनी स्वतःच मांडावे. भोसरी-दिघीकडून जा की दापोडी-खडकी-येरवड्याकडून, कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी रस्त्याचा भरवसा नाही. देशातल्या प्रवासाला दोन तास आणि परदेशी तीन तास आधी विमानतळावर, हे धरून घर सोडावे. बॅगा घेण्याचे काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होते. पोचवायला गेलेल्या माणसाने तपासणी पार झाल्याचा फोन येईपर्यंत बाहेरच थांबावे. आईचा अडकित्ता परत घ्यायला कोणी असेल तर तो डब्यात टाकून द्यावा लागत नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या घरचा पितळी अडकित्ता असाच गेला, पोचवणारी मंडळी तोवर विश्रांतवाडीपर्यंत पोचली होती.

२०२५ च्या जानेवारीत आत्याबाई पुन्हा नागपूरला निघाल्या, थोरल्या बहिणीच्या नातीच्या लग्नाला. लोहगावची नवी इमारत २०२४ च्या जुलैत सुरू झालेली, तिथला लखलखाट पाहून त्या आधी बिचकल्या. मधल्या काळात त्यांचा गुडघा बदललेला. या वेळी त्यांनी स्वतःच एक प्लास्टिकची फाइल केली होती. तिच्यात आधार कार्ड, तिकिटाचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी. तिकीट काढताना पुतण्याला त्यांनी कार्ड समोर धरायला लावले आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतले. दारावरच्या जवानाने कार्ड आणि तिकीट पाहिले आणि मान हलवली. चौकट वाजली, तेव्हा आत्याबाईंनी आधीच चिठ्ठी पुढे केलेली होती. पडद्याआडून बाहेर येताना महिला जवानाने विचारले, “आजी, डब्यात काय आहे?”

“भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी. खाती का?”

ती मुलगी हसली. ड्यूटीवर आहे म्हणाली.

नागपूरला उतरून बाहेर आलो. त्या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचे नाव आहे, हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते. पाटी पाहून आत्याबाई थांबल्या, पदर सारखा केला, फाइल काखेत धरली आणि फोटो काढ म्हणाल्या. तिथे कोणी अडवले नाही.